गिल्ल्यांशिवाय

मे महिना. कंपूच्या मैदानावर लू सुटलेली,
किल्ल्याच्या अंगाने, तापल्या दगडाचा वास घेऊन.
लष्करात यावेळी कुत्रंही सावली सोडत नाही.
आमची फायनल दीडला सुरू झाली.

दुसऱ्याच षटकात गिल्ल्या पडल्या, कुणी न पाडता.
बेल्स म्हणायचं ते पुस्तकात;
इथल्या मराठी घरांतूनही गिल्ल्याच.
बसवल्या, पडल्या. थुंकी लावून बसवल्या, पडल्या.
स्क्वेअर लेगवरून कुरेशीसाहेब चालत आले,
म्हणाले, “वाकडेजी, निकाल ही दो.”
दोघा पंचांचं एकमत लागतं. होतं.
दोन त्यांच्या खिशात गेल्या, दोन माझ्या.

आता नियम. तो मला तोंडपाठ,
कचेरीत प्रवासभत्त्याचे दर तोंडपाठ होते तसा:
गिल्ल्या काढल्या की पडायचं काही उरत नाही.
चेंडू स्टंपला लागला अशी पंचाची खात्री झाली
की पुरे.
खात्री.
एकोणतीस वर्षं ऑडिट केलं, हा शब्द
एकाही व्हाउचरला जोडलेला पाहिला नाही.

तेविसावं षटक. हव्यात अकरा.
डबीरांचा पराग त्रेसष्टवर,
आणि शामियान्यात इंदूरहून आलेले निवडीचे गृहस्थ
लस्सीचा पेला कपाळाला लावून बसलेले.
कुशवाहचा डावखुरा चेंडू टप्पा खाऊन बाहेर वळला,
पराग पुढे वाकला, आणि

टिक.

एवढंच. वारा समोरून, माझ्याकडे वाहणारा,
त्यावर बसून आलेला आवाज,
हिरव्या पेन्सिलीचं टोक रकमेपुढे टेकावं तितका.
ऑफ-स्टंप जागचा हलला नाही. चेंडू कीपरच्या हातात.
कीपर ओरडला; झेल म्हणून की त्रिफळा म्हणून,
ते त्यालाही माहीत नसावं.

बॅटची कड असेल तर झेल.
लाकूड असेल तर त्रिफळा.
पॅडचं बक्कल असेल तर काहीच नाही, खेळ पुढे.
तीनांतून दोन वाटांनी पोरगा बाद होत होता.
हा हिशेब मी त्या क्षणी केला नाही
असं आज छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

बोट वर गेलं.

परागने मागे वळून पाहिलं.
तिन्ही उभे, हजेरीला थांबलेल्या पोरांसारखे.
माझ्याकडे पाहिलं नाही. गेला.
भिंतीवर बसलेल्यांनी मात्र सोडलं नाही:
“पंडितजी, गिरा क्या? अरे, गिरा क्या?”
स्कोअरर खुणेनं विचारत होता, कसा?
त्रिफळा, मी खुणावलं. काहीतरी लिहावं लागतंच.

कुरेशीसाहेबांनी त्यांच्या दोन परत केल्या.
माझ्या घरी आल्या, धुवायच्या पँटीतून सापडल्या.
सुनंदा म्हणाली, हे कसले तुकडे?
खिडकी आदळते तिथे एक खोचलीय अजून.
दुसरी कुठे गेली, माहीत नाही.

गेल्या महिन्यात गुडघ्याचा पट्टा घ्यायला
दौलतगंजात गेलो. सर्जिकलचं दुकान, पराग मालक.
केस माझ्याहून पांढरे.
स्टुलावर बसवलं, खाली वाकून टेपनं गुडघा मोजला,
“काका, मीडियम,” म्हणाला.
मी वाट पाहत होतो. आज विचारेल.
त्याने किंमत सांगितली, मग कमी करून सांगितली.
अपील झाल्याशिवाय पंच तोंड उघडत नाही,
हाही नियमच आहे, सगळ्यांत जुन्यांपैकी एक.

पट्टा जुन्या धर्तीचा, बकलाचा.
त्यानंच लावून दिला.
टिक.
तो क्षणभर तसाच, मान खाली घालून.

“घट्ट होतोय का?”
“नाही रे,” म्हटलं. “बरोबर बसलाय.”